मेन्यू कुठाय?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, कंटाळा येणाऱ्यांनी आत्ताच पुढे जावं.

कॅलिफोर्नियातल्या सिक्वोया नॅशनल पार्कहून परतताना बेकर्सफील्डला जेवायला थांबलो. दोन गाड्या, सगळी आपलीच मंडळी. मीच हट्टाने सगळ्यांना एका बास्क कुटुंबाच्या (बास्क म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातले लोक) जुन्या हॉटेलात नेलं. टेकलो नाही तोच पाव आला, सूपचं भलंमोठं भांडं आलं, पाठोपाठ बीन्स, साल्सा, सॅलड, लसूण-व्हिनेगरमध्ये मुरवलेली जीभ. आमच्यातला एकजण लगेच, "हे आपण कुठे मागवलं?" मग, "मेन्यू कुठाय?" मग, सगळ्यांनी एकाच भांड्यातून सूप कसं घ्यायचं! वाढणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, बीन्स आणि साल्सा सूपमध्येच घाला, इथे तसंच खातात. यावर साहेबांनी गाडीत बसल्याबसल्या ऑनलाइन रिव्ह्यूत दोन स्टार ठोकले. स्टाफ उद्धट, चॉइस नाही.

अरे, मटण की चिकन की मासा हे ज्याचं त्यानेच निवडलं होतं की! त्याआधीचं 'सेटअप' तेवढं सगळ्यांना सारखं. आणि हाच माणूस गावच्या पंगतीच्या आठवणी लिहून इथे शेकड्याने लाइक गोळा करतो. पंगतीत कधी मेन्यू मागितला होतास का रे?

मला बाबा आठवले. ते इकडे आले होते तेव्हा त्यांना बेकर्सफील्डच्याच नोरिएगा या बास्क हॉटेलात नेलं होतं. १८९३ सालचं हॉटेल, रेल्वे स्टेशनच्या जवळ. रात्रीचं जेवण सातला म्हणजे सातला. लांबच लांब टेबलं, जागा मिळेल तिथे बसायचं, शेजारी कोण येईल ते आपलं नशीब. बाबांच्या शेजारी एक म्हातारे बास्क आजोबा आले. दोघांचं इंग्रजी सारखंच, म्हणजे जेमतेम. मी मनात म्हटलं, आता तासभर हे दोघे पावाकडे बघत बसणार.

आमचे बाबा जतचे, जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात नोकरी. आजोबांनी उभा जन्म मेंढ्या राखलेल्या. हे कळल्यावर बाबांनी काय करावं? स्वतःच्या पुढच्या दातांवर बोट आपटलं, मग दोन बोटं दाखवली, मग चार. दोन दाती, चार दाती! मेंढीचं वय. आजोबा असे खदखदून हसले की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मग त्यांनी स्वतःचा ओठ वर करून सगळे दात दाखवले. कवळी होती.

ही हॉटेलं जेवायला येणाऱ्यांसाठी निघालेलीच नव्हती, हे आमच्या स्टारवाल्याला कोण सांगणार. सोन्याच्या नादाने कॅलिफोर्नियात आलेले बास्क, त्यातले कितीतरी अर्जेंटिनामार्गे, शेवटी मेंढ्यांकडे वळले. त्यांच्यामागून जी पोरं आली, त्यातल्या अनेकांनी गावी कळप राखलेलाही नव्हता. उन्हाळाभर डोंगरात एकटा माणूस, एक कुत्रा आणि हजारभर मेंढ्या. सिएरा डोंगरांतल्या ॲस्पेन झाडांच्या पांढऱ्या सालीवर त्यांनी चाकूने कोरलेली नावं, गावं, सालं अजून दिसतात. (बायकांची चित्रंही दिसतात, कपड्यांशिवाय. असो.) काम नसलं की ही पोरं शहरातल्या बास्क बोर्डिंग हाउसमध्ये उतरायची. तिथेच पत्रं यायची, तिथेच आपल्या भाषेत बोलायला माणूस मिळायचा, कितीकांची लग्नंही तिथेच काम करणाऱ्या मुलींशी जमली. महिनोन्महिने स्वतःशीच बोललेल्या माणसाला वेगळं टेबल देऊन कसं चालेल?

बरं, शाकाहाऱ्यांचे हाल होतात, हे मान्य. सूपमध्ये, बीन्समध्ये मांस असू शकतं, विचारून घ्यावंच लागतं. आणि हो, ताटात स्पॅगेटी बघून 'हे कसलं बास्क' म्हणणारेही अगदीच चूक नाहीत. स्पेनमधल्या बास्क मुलखात, सान सेबास्टियानला असं जेवण मिळत नाही, हे कॅलिफोर्नियात शिजलेलं बास्क जेवण आहे. मग? बिघडलं काय?

बाबाही काही सगळं खात नव्हते. जिभेची बशी आली तेव्हा मी हळूच सांगितलं, हे बीफ आहे. त्यांनी बशी दोन्ही हातांनी, आदबीने आजोबांकडे सरकवली. आजोबांनी का म्हणून विचारलं नाही. स्वतः दोन तुकडे घेतले आणि मटणाच्या रश्श्याचं भांडं बाबांसमोर आणून ठेवलं. संपला विषय. ना कुणी उद्धट ठरलं, ना कुणी मॅनेजरला बोलावलं.

बाबा सांगलीला परत गेल्यावर कुणी अमेरिकेचं विचारलं की गोल्डन गेट राहिला बाजूला, त्या कवळीवाल्या आजोबांचंच सांगायचे. २०११ मध्ये नोरिएगाला जेम्स बिअर्ड पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतला हॉटेलांसाठीचा मानाचा पुरस्कार, मिळाला तेव्हा मी फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "ते आजोबा आहेत का अजून?" मला कुठून माहीत असणार? नावसुद्धा विचारलं नव्हतं आम्ही.

२०२० मध्ये नोरिएगा बंद झालं. करोनाने भलेभले बसवले, तिथे लांब टेबलाला चिकटून बसायची जागा काय टिकणार. त्याचा राग कुणावर काढू? पण जी थोडीफार बास्क घराण्यांची हॉटेलं उरलीत, तिथे जाऊन आपल्याच माणसाने नाक मुरडून दोन स्टार द्यावेत, याचा येतो राग. आणि ज्या बाईंना उद्धट ठरवलं ना, त्यांनी आपल्या पोरांना न मागता आणखी फ्राइज आणून दिल्या होत्या. पोरांनी चाटूनपुसून खाल्ल्या.

कमेंटमध्ये हायजीनचं लेक्चर नको. आज ऐकून घ्यायची माझी अजिबात तयारी नाही.

जुलैत, चार तारखेच्या आसपास, नेवाडात एल्कोला बास्क लोकांचा मोठा उत्सव असतो. तिथे १९१० सालचं स्टार हॉटेल आहे. पिकॉन पंच (बास्क हॉटेलांतलं कडसर कॉकटेल) प्यायचा, समोर येईल ते जेवायचं, एवढाच बेत. माझ्या गाडीत तीन जागा आहेत. रस्ता लांबचा आहे, ड्रायव्हिंग करणाऱ्यांना आधी घेईन.