नस कापत नाहीत, आणि बधिर हात कडकडीत पाण्यात बुडवायचा नसतो

"हाताला मुंग्या येतात? ऑपरेशन विसरा, हे ७ घरगुती उपाय करा" हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असणार. त्यात काय काय आहे ते थोडक्यात सांगते: मुंग्या म्हणजे रक्त पोचत नाही, म्हणून रोज सकाळी सहन होईल तेवढ्या कडक मिठाच्या पाण्यात हात बुडवा, रात्री मनगट कापडाने घट्ट बांधून झोपा, बी-१२च्या गोळ्या घ्या, तांब्याचं कडं घाला, इंजेक्शनने हाडं ठिसूळ होतात म्हणून घेऊ नका, ऑपरेशनमध्ये डॉक्टर नस कापतात आणि हात कायमचा लुळा पडतो, आणि मुंग्या थांबल्या की समजा बरं झालं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हात-मनगटाचे पेशंट रोज बघते, आणि हा मेसेज माझ्या सख्ख्या मावशीने मनापासून पाळला. मागच्या आठवड्यात कराडहून तिने हाताचा फोटो पाठवला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या टोकाला टपोरे फोड. "अगं भाजलं कधी ते कळलंच नाही" म्हणाली.

कळणारच नाही ना! सगळ्यात आधी हेच घेऊ. "सहन होईल तेवढं कडक" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने एक सेकंद तरी विचार करायला हवा होता की ज्या बोटांना संवेदना कमी झालीय ती बोटं काय सहन होतंय आणि काय नाही हे सांगणार कशी? बाकीच्या हाताला चटका जाणवेपर्यंत या बोटांची कातडी भाजलेली असते. त्यात पेशंटला डायबेटिस असेल, आणि हा त्रास असलेल्या बऱ्याच जणांना तो असतो, तर तो फोड चिघळायला वेळ लागत नाही आणि भरून यायला मात्र खूप लागतो. कोमट पाण्याने बरं वाटत असेल तर जरूर घ्या, पण पाणी आधी चांगल्या हाताच्या कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आणि त्याने आजार जातो अशी समजूत ठेवू नका, कारण मुळात रक्त कमी पडतंय हे निदानच चुकलंय.

होतं काय, तर मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, खाली हाडं, वर एक जाड पट्ट्यासारखा लिगामेंट. त्यातून बोटं वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन नर्व्ह नावाची एक नस (रक्ताची नाही, संवेदना नेणारी). आतली जागा कमी पडली की दबते ती ही नस, कारण सगळ्यात नाजूक तीच. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. ही नस अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्यालाच जाते, करंगळीला दुसरी नस असते. म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते की करंगळी बधिर होते का? मावशीची करंगळी एकदम ठीक होती. रात्री हात बधिर होऊन जाग येते, उठून हात झटकला की बरं वाटतं, गाडीचं हँडल किंवा मोबाईल धरला की परत मुंग्या, हे सगळं तिला होतं आणि हीच या आजाराची नेहमीची कहाणी आहे. बायकांमध्ये जास्त, थायरॉईड कमी असेल तर, डायबेटिस, वजन जास्त, संधिवात, गरोदरपणातही होतो (तेव्हाचा बहुतेकदा बाळंतपणानंतर आपोआप कमी होतो, घाबरू नका). मावशी डब्यांसाठी चपात्या लाटते, सकाळी उठल्यापासून लाटणंच हातात, त्याचीही भर.

आता मनगट घट्ट बांधणं. जागा आधीच कमी, नस आधीच दबलेली, आणि तुम्ही वरून आवळताय! याने त्रास वाढतो. खरा उपाय याच्याशी मिळताजुळता दिसतो म्हणून लोक फसतात. तो म्हणजे रात्री घालायचा पट्टा, स्प्लिंट. त्याचं काम आवळणं नाही, मनगट सरळ ठेवणं आहे, कारण झोपेत आपण मनगट दुमडून गालाखाली घेतो आणि त्याने बोगद्यातलं प्रेशर वाढतं. मेडिकलमधून आणलेला पट्टा बघा, आत धातूची पट्टी असते आणि बऱ्याच पट्ट्यांमध्ये ती मनगट मागे वळेल अशी वाकवलेली येते. ती काढून हाताने सरळ करा आणि परत घाला. बोटं मोकळी राहिली पाहिजेत, वेल्क्रोखाली एक बोट सहज जायला पाहिजे. एवढं नीट करून दीड-दोन महिने रोज रात्री घातला तर सुरुवातीच्या त्रासात चांगला फरक पडतो. चार दिवस घालून "काही उपयोग नाही" म्हणून टाकून देऊ नका.

बी-१२चं म्हणाल तर, ठीक आहे, यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करावं लागेल. आपल्याकडे शाकाहारी लोकांमध्ये बी-१२ कमी असणं अगदी कॉमन, डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्येही, आणि त्याने मुंग्या येतात. पण त्या साधारण दोन्ही बाजूंना येतात, पायांनाही येतात, करंगळी सोडून साडेतीन बोटांपुरत्या येत नाहीत. रक्त तपासा, कमी असेल तर घ्या, सोबत टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि शुगरही बघा. पण न तपासता मिळतील त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका, बी-६ जास्त झालं तर त्यानेच नसा खराब होतात.

मला सगळ्यात जास्त राग आला तो "मुंग्या थांबल्या की बरं झालं" या ओळीचा. काही जणांचं पट्ट्याने, आरामाने खरंच बरं होतं, ते सोडा. पण नस खूप काळ दबून राहिली तर मुंग्या आणि दुखणं कमी होतं कारण नस मरत चाललेली असते, आणि पेशंट खूश होऊन डॉक्टरकडे जाणं बंद करतो. फरक कसा ओळखायचा? दोन्ही तळहात समोर धरा आणि अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो दोन्हीकडे सारखा आहे का बघा. एका बाजूला तो सपाट झाला असेल, खड्डा पडल्यासारखा दिसत असेल, साडीला पिन लावता येत नसेल, ब्लाउजचं बटण चुकत असेल, हातातून कप निसटत असेल तर घरगुती उपायांची वेळ गेली. तिथे ऑर्थोपेडिक किंवा हँड सर्जनकडेच जायचं, ते नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नस नीट काम करते का ते बघणारी तपासणी) सांगतील. उशीर झाला तर ऑपरेशन करूनही गेलेली ताकद पूर्ण परत येईल याची खात्री नसते.

आणि ऑपरेशनमध्ये नस कापत नाहीत हो! कापतात तो वरचा लिगामेंट, नसेला जागा मिळावी म्हणून. बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून, तळहातावर छोटी चीर, त्याच दिवशी घरी, बोटं त्याच दिवसापासून हलवायची, टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. नेदरलँडमध्ये १७६ पेशंटवर केलेला एक अभ्यास २००२ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, निम्म्यांना पट्टा आणि निम्म्यांना ऑपरेशन. तीन महिन्यांनी पट्टावाल्यांपैकी ५४ टक्के बरे, ऑपरेशनवाल्यांपैकी ८० टक्के. दीड वर्षाने ७५ आणि ९०, आणि तोपर्यंत पट्टावाल्यांपैकी ४१ टक्क्यांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे पट्ट्यानेही बऱ्याच जणांचं भागतं, प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही, पण लागलं तर हात लुळा पडतो ही थाप आहे. हां, टाक्याची जागा आणि तळहाताचं बूड काही महिने दुखतं, पकड तेवढा काळ कमी राहते, चपात्या लाटणं, कपडे पिळणं लगेच जमत नाही. हे डॉक्टरांनी आधी नीट सांगायला हवं, न सांगितल्यामुळेच शेजारीण "माझा तर हातच गेला" म्हणत फिरते आणि पुढचे दहा जण घाबरतात.

इंजेक्शनचं पटकन सांगते. मनगटात दिलेल्या एखाद्या स्टेरॉइड इंजेक्शनने हाडं ठिसूळ होत नाहीत. बऱ्याच जणांना काही आठवडे-महिने चांगला आराम मिळतो, मग अनेकांचा त्रास परत येतो. डायबेटिसवाल्यांची शुगर काही दिवस वाढते, तेवढं लक्ष ठेवा. एकाच जागी परत परत घेत राहू नका.

कडं हौस म्हणून घाला, नस त्याने सुटत नाही.

आणखी एक, मेसेजमध्ये मनगटाचं प्रत्येक दुखणं एकाच माळेत ओवलंय. बाळाला उचलताना अंगठ्याच्या बाजूचं मनगट चमकतं, नव्या आयांना हे फार होतं, ते डी क्वेर्वेन, त्यात मुंग्या नसतात, अंगठ्यासकट धरणारा पट्टा लागतो. सकाळी बोट वाकून अडकतं आणि टक्‌ करून सुटतं ते ट्रिगर फिंगर, तिथे इंजेक्शन खूपदा छान काम करतं. मनगटावर गोळा आलाय आणि दुखत नाही तर तो बहुधा गँगलिऑन, एकदा दाखवून घ्या, पुष्कळदा आपोआप जिरतो, जड वस्तू मारून फोडू नका. आणि एका हातात अचानक ताकद गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो यातला कुठलाच आजार नाही, तो स्ट्रोक (मेंदूचा झटका) असू शकतो, मेसेज न वाचता सरळ १०८ला फोन करा.