'लोक अडकलेले नाहीत' म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "फोनची सिस्टीम न बदलणारे अडकलेले असतात हे म्हणणं अपमानकारक आहे. मी नऊ वर्षं आयफोन वापरते, तो आवडतो म्हणून. आणि आपल्या सांगलीत लोक अँड्रॉइड घेतात ते निव्वळ स्वस्त म्हणून. एवढं खुपतंय तर उपाय सांगा."

'अडकलेले' हा शब्द मी मागे घेतो. 2015 सालच्या आयफोन 6एसला 2021 मधली आयफोनची नवी सिस्टीम, आयओएस 15, मिळाली होती. इतकी वर्षं साथ देणाऱ्या वस्तूवर जीव बसणारच.

पण माझं म्हणणं मला पुराने शिकवलंय. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या पुढे गेली आणि गणपती पेठेत माझ्या चुलतभावाचं दुकान बुडालं. फोन गल्ल्यातच राहिला होता. पाणी ओसरल्यावर आम्ही विश्रामबागला नवा घ्यायला गेलो. आयफोनची त्याला जुनी हौस, आणि पैसेही जमवलेले. किमतीच्या आधी त्याने विचारलं, "माझं व्हॉट्सअ‍ॅप परत येईल का?" अँड्रॉइडवरचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर, आयफोनचा आयक्लाउडवर, एकीकडचा दुसरीकडे उतरत नाही. त्यात त्याची व्यापाऱ्यांची उधारी होती आणि आदल्या वर्षी गेलेल्या काकांचे आवाज होते. त्याने मुकाट्याने पुन्हा अँड्रॉइड घेतला. सगळं उतरल्यावर तिथेच काउंटरपाशी फोन कानाला लावला. "शटर नीट लाव रे," एवढंच काका बोलले होते. भाऊ बराच वेळ तसाच उभा राहिला.

विक्रीच्या आकड्यांत हा माणूस निष्ठावंत ग्राहक म्हणून मोजला जातो. मला ते पटत नाही. पुढे 2021 मध्ये आयफोनवरून अँड्रॉइडवर आणि 2022 मध्ये उलट दिशेने चॅट नेण्याची सोय झाली खरी. मात्र त्यासाठी जुना फोन हातात आणि चालू लागतो. पुरात गेलेल्याने काय करायचं?

आता स्वस्ताईचं. 2014 मध्ये फायरफॉक्स ओएस या तिसऱ्याच सिस्टीमवर चालणारा फोन भारतात 1,999 रुपयांना मिळत होता. त्याहून स्वस्त स्मार्टफोन काय असणार? तरी तो टिकला नाही. व्हॉट्सअ‍ॅपने त्यासाठी अ‍ॅपच काढलं नव्हतं, आणि ज्यावर आपली माणसं नाहीत तो फोन कोण घेणार! त्याच सिस्टीमच्या पोटातून पुढे कायओएस निघाली आणि 2017 मध्ये जिओफोनवर आली. वर्षभराने त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आलं. विंडोज फोनवर तर लोकांचं खरंखुरं प्रेम होतं. 31 डिसेंबर 2019 नंतर त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं, मग त्या प्रेमाचं करायचं काय? सांगलीकर किंमत पाहतो हे मान्य, पण त्याआधी तो आपली माणसं कुठे आहेत ते पाहतो.

उपाय विचारलात. जानेवारी 2011 मध्ये देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली. तोवर नंबर जाईल या धास्तीने आपण रेंज नसलेलं सिमसुद्धा सांभाळत होतो. नंतर कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहू लागला. बॅकअपलाही तोच नियम लावा, एवढंच मी मागतोय: तो कुठल्याही सिस्टीमवर उतरला पाहिजे, जुना फोन हातात असो वा नसो. तुम्हाला आयफोन आवडतो, तुम्ही तेव्हाही तोच घ्याल. माझ्या भावाला मात्र त्या दिवशी हवा तो फोन घेता आला असता.