किकॅड फक्त कॉलेज प्रोजेक्टपुरतं? अजिबात नाही

सध्या पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की किकॅड, म्हणजे सर्किट बोर्ड डिझाइन करायचं फुकट सॉफ्टवेअर, कॉलेज प्रोजेक्टपुरतं ठीक आहे, दोन लेयरच्या (बोर्डातल्या तांब्याच्या थरांच्या) पुढे उपयोग नाही, पीसीबीवाले, म्हणजे बोर्ड बनवून देणारे, त्याच्या फाईली घेत नाहीत, त्यातल्या तयार पार्टची लायब्ररी भरवशाची नाही, नोकरीतही अल्टियम हे विकतचं सॉफ्टवेअरच मागतात, तेव्हा धंदा करायचा तर अल्टियमच, आणि पैसे नसतील तर क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, टाका. नवीन पोरं हे खरं धरून चालतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

लेयरचं म्हणाल तर ३२ कॉपर लेयरपर्यंत बोर्ड करता येतो. डिफरन्शियल पेअर (जोडीनं जाणारे ट्रॅक) आहे, लेंथ ट्यूनिंग (ट्रॅकची लांबी जुळवणं) आहे, आणि ट्रॅक टाकताना आजूबाजूचे ट्रॅक सरकवून वाट काढणारा जो राउटर आहे तो सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेच्या लोकांनी केलाय. बल्गेरियातल्या ओलिमेक्स कंपनीनी ए६४ ओलिनक्सिनो, म्हणजे ६४ बिट प्रोसेसर आणि डीडीआर३ मेमरीवाला बोर्ड, किकॅडमधेच केला आणि फाईली खुल्या ठेवल्या. डाउनलोड करा, मेमरीचे ट्रॅक बघा आणि मग बोला.

पीसीबीवाला भोसरीचा असो नाहीतर चीनचा, त्याला गर्बर (प्रत्येक लेयरचं चित्र) आणि ड्रिल (भोकांच्या जागा) फाईल लागते, ती कुठल्या सॉफ्टवेअरमधनं काढली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काम अडतं ते ड्रिल फाईल पाठवायची राहिली, गर्बरचं ओरिजिन (मोजमापाचा शून्य बिंदू) एक आणि ड्रिलचं दुसरं, असल्या गोष्टींनी. गर्बर व्ह्यूअर किकॅडसोबतच येतो, त्यात सगळे लेयर एकावर एक टाकून भोकं पॅडच्या मधोमध येतायत का तेवढं बघा.

लायब्ररीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला पाहिजे, कारण फुटप्रिंट, म्हणजे पार्ट बसायची बोर्डावरची पॅडची जागा, तपासणं हे कुठल्याही सॉफ्टवेअरमधे आपलंच काम आहे. एएमएस१११७ घ्या, ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, सगळेच वापरतात. त्याचा मोठा टॅब (धातूची रुंद पट्टी) ग्राउंड नसतो, आउटपुट असतो. थंड राहावा म्हणून कुणी तो ग्राउंडच्या कॉपरला जोडला की आउटपुट थेट शॉर्ट, आणि सिंबॉलच (सर्किटच्या आकृतीतलं पार्टचं चिन्ह) चुकीचा असेल तर लाखाचं सॉफ्टवेअरही डीआरसीत, म्हणजे त्याच्या आपोआप तपासणीत, काही बोलणार नाही. डेटाशीट उघडायची, लेआउट कागदावर १:१ प्रिंट करायचा, आणि तापकीर गल्लीतनं आणलेला पार्ट त्यावर ठेवून बघायचा.

क्रॅकबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नको. बेकायदेशीर तर आहेच, वर त्या एक्झीमधनं काय आत येतंय माहीत नसताना कस्टमरचं डिझाइन त्याच मशीनवर ठेवायचं हे बरोबर नाही.

नोकरीचा मुद्दा अर्धा खरा आहे, मोठ्या कंपन्यांत अल्टियम मागतात, आणि कस्टमरला अल्टियमच्याच फाईली हव्या असतील तर रीतसर लायसन्स घ्या, पैसे वसूल होतील. रिजिड-फ्लेक्सचं (काही भाग कडक, काही वाकणारा असे बोर्ड) काम नेहमीचं असेल तरी तेच. पण दोघा-तिघांच्या टीमनी पहिल्याच दिवशी त्यात पैसे अडकवू नयेत. ईगल या असल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं काय झालं बघा, २०१६ ला ऑटोडेस्कनी घेतलं, मग भाड्यावर नेलं, आणि २०२३ ला सांगितलं की ७ जून २०२६ नंतर सपोर्ट नाही. किकॅडची फाईल साधी टेक्स्ट असते, गिटमधे (फाईलीतले बदल नोंदवणारं सॉफ्टवेअर) ठेवता येते आणि ईगलचे जुने बोर्डही त्यात इंपोर्ट होतात. फक्त टीममधे सगळ्यांकडे एकच व्हर्जन ठेवा, नव्यात सेव्ह केलेली फाईल जुन्यात उघडत नाही.