मोर बेटर

परवा तुळशीबागेत कानातली बघत होते. शेजारी एक परदेशी बाई दोन झुमक्यांत अडकलेल्या. दुकानातल्या मुलाने एक जोड पुढे केला, "मॅडम, धिस इज मोर बेटर." बाईंनी तोच घेतला आणि खुशीत गेल्या. माझी मैत्रीण मात्र पार भेळेच्या गाडीपर्यंत हसत होती. "मोर बेटर म्हणे!"

दुसऱ्याच्या चुका काढायला आपल्या पुण्यात कुणाला आवडत नाही? मीही काढते, नवऱ्याच्या मेसेजमधले ऱ्हस्व-दीर्घसुद्धा. पण त्या मुलाचं झालं काय ते बघा. मराठीत तुलना करताना 'चांगला' आहे तसाच राहतो. 'त्यापेक्षा चांगला', 'जास्त चांगला' म्हटलं की भागतं. तो 'जास्त' त्याने इंग्रजीत नेला, आणि तिथे 'बेटर'च्या पोटात तो आधीच बसलेला!

बरं, खुद्द शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनी ब्रूटसच्या घावाला 'मोस्ट अनकाइंडेस्ट' म्हणतो, म्हणजे 'मोस्ट'ही आणि 'एस्ट'ही. नाटक १५९९च्या सुमाराचं. तेव्हा जोर द्यायला असं दुहेरी बोलणं चालायचं, अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ते मोडीत काढलं. कोशकार डॉ. जॉन्सन यांनी आपल्या १७५५च्या इंग्रजी शब्दकोशात 'लेसर'ला (किरणवाला नव्हे, 'कमी'वाला) रानटी अपभ्रंश म्हटलं. 'लेस'मध्येच तुलना आहे, वर आणखी 'अर' कशाला? आज दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला जाणारे 'लेसर फ्लेमिंगो' म्हणतात तेव्हा कुणी हसत नाही.

पेपरात 'मोर बेटर' लिहिलं तर मार्क जाणार, जावेतच. भाचीला मी 'मच बेटर' लिहायला सांगते. पण तुळशीबाग म्हणजे काय बोर्डाची परीक्षा आहे?

मैत्रीण म्हणाली, "आपलं संस्कृत असलं खपवून घेत नाही हो." इथे मला राहवेना. श्रेष्ठमधला 'इष्ठ' म्हणजेच सगळ्यांत वरचा, ज्येष्ठ-कनिष्ठमधला तोच. 'सर्वश्रेष्ठ'ची 'सर्वांत श्रेष्ठ' अशी फोड करून सुटता येईल एक वेळ. पण 'श्रेष्ठतम'? 'इष्ठ'वर पुन्हा त्याच अर्थाचा 'तम'! आणि हा शब्द कुणा फ्लेक्सवाल्याने काढलेला नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतमाय कर्मणे' आहे.

ती दोन मिनिटं गप्प. मग भेळवाल्याकडे वळून म्हणाली, "दादा, माझी अजून जास्त तिखट करा."