बिलात न बसणाऱ्या मॅडम

कॉलेजात प्राध्यापकांच्या तीन जाती असतात: सहायक, सहयोगी आणि नुसते प्राध्यापक. चौथी आमची. ती स्टाफरूमच्या दाराजवळ, पंख्याचा वारा जिथवर पोचत नाही तिथे, प्लास्टिकच्या खुर्चीत आढळते. कागदोपत्री आम्ही 'तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक', बाकी सगळ्यांसाठी सीएचबी, म्हणजे क्लॉक अवर बेसिस: जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. "सीएचबी मॅडमना सांगा की," हे वाक्य सुरू झालं की ते काम कुणाकडे येणार, हे शिपाईमामांनाही कळतं.

पात्रतेच्या बाबतीत मात्र सरकारने आमच्यात आणि परमनंट लोकांत अजिबात भेदभाव केलेला नाही. एम.ए.ला 55 टक्के त्यांनाही लागतात, आम्हालाही. नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा त्यांनाही, आम्हालाही. भेदभाव त्याच्यापुढे सुरू होतो. मध्यंतरी पीएच.डी.चं वादळ आलं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या नियमावलीत लिहिलं होतं की 2021 पासून विद्यापीठातल्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. हवीच. मग ती मुदत 2023 वर गेली आणि 2023च्या जुलैत अट ऐच्छिक झाली. ती कॉलेजांना लागू नव्हतीच म्हणा, पण घाबरायला अट आपल्यालाच लागू असावी लागते असं थोडंच आहे? आमच्यातल्या कित्येकांनी त्या धास्तीत विषय नोंदवून टाकले आणि आता गाइडचा फोन आला की ते उचलत नाहीत.

वर्कलोडचं गणित असं. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास शिकवायचं. आमच्याकडे तासिका 48 मिनिटांची, म्हणजे झाल्या 20 तासिका. एवढं सगळं एका सीएचबीला द्यायचं नाही, म्हणून जागेचे दोन भाग करतात. अर्धी मी, अर्ध्या दुसऱ्या मॅडम. खुर्ची एकच.

माझा विषय इतिहास. पण इतिहासात माझा वाटा पुरता भरेना, तेव्हा मला पर्यावरण अभ्यास देण्यात आला. हा विषय पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. कोणी शिकवायचा ते न्यायालयाने सांगितलं नाही. ते आमच्या विभागप्रमुखांनी सांगितलं. "अहो, नद्या, जंगलं, संस्कृती... इतिहासच की तो!" दोन क्रेडिटचा विषय, म्हणजे 30 घड्याळी तास. 48 मिनिटांनी भागलं की साडेसदतीस तासिका. ती उरलेली अर्धी तासिका मी ओझोनच्या थराला दिली.

वेळापत्रकात माझी पहिली तासिका सकाळी साडेसातला, दुसरी पावणेबाराला. मधला वेळ माझा, असं वेळापत्रकाला वाटतं. प्रत्यक्षात तो नॅकचा, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेचा. नॅकला प्रत्येक कार्यक्रमाचा जिओटॅग फोटो लागतो, म्हणजे खाली पत्ता आणि अक्षांश-रेखांश उमटलेला. परवा व्याख्यान छान झालं, मुलं गेली, आणि फोटो उघडून बघतो तर मोबाइलने पत्ता दाखवला शेजारच्या रसवंतीगृहाचा. समन्वयक सर म्हणाले, "असं कसं चालेल? समिती म्हणेल रसवंतीत व्याख्यान घेतलं. परत काढा." वक्ते बस पकडून गेले होते. मग वक्त्यांच्या जागी ग्रंथपाल उभे राहिले, श्रोते म्हणून शिपाईमामा, दुसऱ्या मॅडम आणि टी.सी. न्यायला आलेला एक माजी विद्यार्थी बसला. मामांना मी सांगितलं, चेहरा जरा जिज्ञासू ठेवा. त्यांनी डोळे एवढे मोठे केले की ते घाबरल्यासारखे दिसायला लागले. तिसऱ्या फोटोत कुठे कॉलेज सापडलं.

खरी परीक्षा महिनाअखेरीला, ऑफिसात. बिलाच्या नमुन्यात दोनच रकाने, थिअरी आणि प्रॅक्टिकल. सुपरव्हिजन, प्रवेश समिती, फोटो हे कुठेच बसत नाही. भाऊसाहेब माणूस चांगला, पण रकान्याबाहेर जात नाही.

"मॅडम, 15 तारखेला तुम्ही सही केलीय."

"हो, ध्वजारोहण होतं. सगळ्यांना सक्तीचं होतं ना?"

"सक्तीचं होतंच. पण बिलात सुट्टी आहे."

"मग लिहा ना कशात तरी."

त्यांनी पेनाचं टोपण दातात धरून विचार केला. "ध्वजारोहण थिअरी धरायचं का प्रॅक्टिकल?"

झेंडा खराखुरा वर गेला होता, म्हणून मी प्रॅक्टिकल म्हटलं. त्यांनी ते पेन्सिलने लिहिलं आणि लगेच खोडलं. बिल मंजूर करणारं सहसंचालक कार्यालय हरकत घेईल म्हणाले. बिल तिकडे गेलं की ऑगस्टचं मानधन दिवाळीच्या आसपास येतं. कुठल्या दिवाळीच्या, ते विचारायचं नसतं.

उन्हाळ्यात नेमणूक संपते आणि जुलैत त्याच जागेसाठी त्याच कॉलेजात पुन्हा मुलाखत. तीच फाइल, तीच प्रमाणपत्रं, झेरॉक्स तेवढ्या नव्या. यंदा विद्यापीठाकडून आलेले विषयतज्ज्ञ फारच आपुलकीने बोलत होते. शिवकाळावर दोन प्रश्न झाल्यावर चष्मा वर सरकवत म्हणाले, "बरं, या कॉलेजची काही माहिती काढून आलात का?"

प्राचार्य एकदम समोरची नॅकची फाइल चाळायला लागले. ती मीच लावली होती, टॅगसुद्धा माझेच.

"हो सर," मी म्हटलं, "रसवंतीगृहाला लागून आहे."

तज्ज्ञांनी मान डोलावली आणि स्थानिक परिस्थितीची जाण या रकान्यात मला पैकीच्या पैकी गुण दिले.