स्प्लिट मारलं की काम झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ओळीचे शब्द कसे वेगळे करावेत यावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की त्यासाठी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत स्पेसवर स्प्लिट (मजकुराचे तुकडे करणारी आज्ञा) मारलं की झालं, विरामचिन्हं नको असतील तर 'बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस' हा सलग अक्षरं-अंक शोधणारा रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) आहेच; एवढ्याशा गोष्टीवर अख्खा लेख कशाला?

ठरलेल्या साच्यातल्या लॉग फाइलसाठी (प्रोग्रामने आपोआप लिहिलेल्या नोंदींसाठी) तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तिथे मीही स्प्लिटच वापरतो.

पण माणसांनी लिहिलेला मजकूर घ्या. स्प्लिटला स्पेस सांगितली आणि ओळीत लागोपाठ दोन स्पेस आल्या, तर मधे एक रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला तुकडा, मिळते. रिकाम्या ओळीचाही एक 'शब्द' मोजला जातो. टॅब आणि नवी ओळ तर तुटतच नाहीत. स्प्लिटपुढचा कंस रिकामा ठेवला, म्हणजे स्पेस सांगितलीच नाही, की हे तिन्ही प्रश्न सुटतात, म्हणून लेखात त्यावर इतका भर होता. उलट, स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या रकान्यांत तीच रिकामी स्ट्रिंग जपावी लागते, नाहीतर पुढचे रकाने सरकतात. जावा या दुसऱ्या भाषेतलं स्प्लिट शेवटच्या रिकाम्या स्ट्रिंगा गुपचूप टाकून देतं. त्या हव्या असतील तर मर्यादा म्हणून उणे एक द्यावा लागतो.

आता तुमचा रेजेक्स. तो 'मराठी भाषा' या स्ट्रिंगवर पायथॉनच्या नेहमीच्या 'आरई' मॉड्यूलने (रेजेक्स चालवणाऱ्या तयार कोडने) चालवून बघा. हाती येतं: 'मर', 'ठ', 'भ', 'ष'. दोन शब्दांचे चार तुकडे, आणि काना-वेलांटी गायब! युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं आहेत आणि आरई त्यांना अक्षरांत धरत नाही. एररही येत नाही. शोधयंत्र किंवा शब्दगणना असल्या तुकड्यांवर उभी राहिली, तर आपल्या भाषेतला वाचक विनाकारण हरतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. वेगळं इन्स्टॉल करावं लागणारं 'रेजेक्स' नावाचं मॉड्यूल हेच शब्द अखंड ठेवतं.

थाई किंवा चिनी मजकुरात तर शब्दांमधे स्पेस नसतेच. तिथे स्प्लिट सबंध वाक्य जसंच्या तसं परत देईल. जावास्क्रिप्टमधलं, शब्दांच्या सीमा ओळखणारं 'इंटल सेगमेंटर' अशा वेळी कामाला येतं.

तेव्हा आधी सांगा, तुमच्या प्रोग्रामला शब्द कशासाठी हवेत? मोजायला, शोधायला की रकाने वाचायला? मजकुराच्या दोन-तीन नमुना ओळी खाली टाकल्यात, तर नेमकं काय वापरावं ते मी सांगेन.