दुबईची दूरदृष्टी आणि सोनापूरच्या बसगाड्या

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपण बरीच वर्षे दुबईत नोकरी करत आहात आणि माझ्या लेखातला मजुरांविषयीचा परिच्छेद आपल्याला ‘चार दिवसांच्या पाहुण्याचे रडगाणे’ वाटला. राज्यकर्त्यांच्या दूरदृष्टीमुळेच वाळवंटात नंदनवन फुलले आणि कामगार तर तिथे स्वखुशीने येतात, असे आपले म्हणणे आहे.

दूरदृष्टीबद्दल आपल्यात वाद नाही. तेल सापडले १९६६ साली. गाळाने भरत चाललेली खाडी दुबईचे तेव्हाचे राज्यकर्ते शेख रशीद यांनी त्याआधीच, कुवेतकडून कर्ज घेऊन, खोल करवून घेतली होती. म्हणून तर बुर्ज खलिफाच्या ८२८ मीटर उंचीपेक्षा मी खाडीकाठच्या देरा या जुन्या भागातल्या धक्क्यावर अधिक रमलो. एक दिरहम देऊन अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या छोट्या होडीत, बसावे आणि पलीकडे उतरावे, तर लाकडी गलबतांवर चढवायचे फ्रीज, टायर आणि खोकी उघड्यावर रचून ठेवलेली असतात. या शहराची खरी कमाई ही अशी, इकडचा माल तिकडे करण्याची आहे. भारतात सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध होते तेव्हा चोरटे सोने इथूनच मुंबईच्या किनाऱ्याला लागत असे. त्या भरभराटीला आपल्या लोकांच्या हौसेचाही हातभार लागला, हे जाता जाता.

‘स्वखुशी’ मात्र मला इतक्या सहज पटत नाही. एजंटाचे पैसे भरण्यासाठी गावी कर्ज काढून आलेल्या आणि ज्याचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला आहे अशा माणसाला काम आवडले नाही तर परतीची वाट किती मोकळी असते? उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भर दुपारी उघड्यावर काम करवून घेण्यास तिथे मनाई आहे आणि हा नियम चांगलाच आहे; पण त्याने डोक्यावरचे कर्ज फिटत नाही. संध्याकाळी सोनापूर या दुबईतल्याच मजुरांच्या वस्तीकडे निघालेल्या बसगाड्यांत खिडकीला डोके टेकून झोपलेली माणसे मी पाहिली, तेवढीच लिहिली. ज्या दूरदृष्टीचे आपण कौतुक करता, तिच्या हिशेबात हे स्वस्त मनुष्यबळही धरलेले होते, एवढाच माझा मुद्दा होता आणि आहे.

आपण तिथे राहता, तेव्हा एक विनंती. आपल्या इमारतीच्या रखवालदाराने तिथे पोहोचण्यासाठी किती पैसे मोजले आणि ते फिटायला किती काळ लागला, हे त्याला विचारून जरूर कळवावे. उत्तर माझ्या मताविरुद्ध गेले, तरी लेखाखाली जसेच्या तसे छापीन.